वाघ्या, ये, जेव!

आमच्या घरी वाघ्या आला तो माझ्या मनाविरुद्ध. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोक म्हणायला लागले की बाईंना कुत्र्याचं भारी वेड. कसलं वेड नि कसलं काय! मला उंबऱ्यात मांजर बसलेलंसुद्धा खपायचं नाही.

बोईसरला आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, गावाच्या पूर्वेच्या टोकाला. पुढे रस्ता, मागे भाताची खाचरं, खाचरांपलीकडे वारल्यांचे पाडे आणि मग डोंगर. आमचे हे एका कारखान्यात फिटर. त्यांच्या मोठ्या साहेबांची बदली झाली आणि एक दिवस हे पहिल्या पाळीवरून आले ते तोंडभर हसत.

"साहेब जाताना मला ग्रेट डेन देणार आहेत," म्हणाले.

मी ऐकलं 'दान'. मला वाटलं, साहेबांचं बिऱ्हाड हलतंय, कपाट नाहीतर टेबलपंखा देत असतील. म्हटलं, "देतायत तर घ्या की. फुकटच्या गाईचे दात कोण मोजतं?"

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या टेंपोतून ते दान उतरलं. आठ महिन्यांचं पिल्लू, असं सांगत होते. पिल्लू! वासराएवढं धूड, पिवळट अंगावर काळे पट्टे, ओठ लोंबलेले, आणि पाय एवढे लांब की त्यांचं काय करायचं ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. शेजारच्या खोल्यांमधून रात्रपाळीचे भय्ये डोळे चोळत बाहेर आले. त्यातला एक म्हणाला, "भाभी, ये कुत्ता है कि बछड़ा? दूध देगा क्या?"

मी ह्यांना बाजूला घेतलं. "हे पाहा, एकतर हा राहील नाहीतर मी."

"तू कुठे जाशील?"

"सफाळ्याला. माहेरी."

"मग जाण्याआधी ह्याला धरून दाराबाहेर काढून जा. मला एकट्याला ओढायचा नाही." असा आमचा माणूस. धड रागावू देईल तर शपथ.

साहेबांनी सांगितलं होतं म्हणे, ग्रेट डेन ही मोठी शिकारी जात, परदेशात हे कुत्रे रानडुकरांवर सोडत असत. आमच्याकडच्या शिकारीची गोष्ट ऐका. घरमालकिणीची एक कोंबडी होती, खुडूक बसून नुकतीच उठलेली, मागे सात-आठ पिल्लं. ती आमच्या दारात येऊन उभी राहिली की हा शिकारी आत कॉटखाली जायचा. कॉटखाली त्याचं डोकं नि खांदे तेवढे मावत, बाकीचा सगळा कुत्रा बाहेर. कोंबडी जाईपर्यंत तसाच. मी झाडू घेऊन कोंबडीला हाकलायचे, तेव्हा कुठे साहेब बाहेर येऊन अंग झटकायचे.

त्याचं आधीचं काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते माझ्या जिभेवर बसेना. पट्टे बघून मी त्याला वाघ्या म्हणायला लागले. ते काही नाव नव्हे. ज्या कुत्र्याला नाव सुचत नाही त्याला आपल्याकडे वाघ्या म्हणतात. पण तो त्या हाकेला ओ द्यायला लागला, आणि राहिलं तेच.

खाणं मात्र अवाढव्य. तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता माझे हात भरून यायचे. सातपाटीची एक कोळीण बसने टोपली घेऊन यायची, ती मासळीची डोकी वेगळी बांधून आणायची आणि दारातूनच ओरडायची, "घे गो, तुज्या वागाचा वाटा!" दिवसभर हा मागच्या खाचरांच्या बांधावर पसरलेला असे. संध्याकाळी भाकऱ्या कालवल्या की मी मागच्या दारात उभी राहून डोंगराकडे तोंड करून हाक द्यायचे, "वाघ्याऽऽ, ये, जेव!" माझा आवाज मुळात खणखणीत. हे म्हणायचे, "अगं हळू, डोंगरावर ऐकू जाईल." मला वाटायचं, थट्टा करतायत.

दुसऱ्या पावसाळ्यात मी टायफॉईडने पडले. तीन आठवडे अंथरुणात. हे कारखान्यात गेले की घरात मी आणि हा. तो कॉटच्या कडेवर हनुवटी टेकून उभा राहायचा, उभ्यानेच. मी डोळे उघडले की तोच तोंडासमोर. मला ग्लानीत वाटायचं, मी मेले आणि यमाने रेड्याऐवजी हा धाडला. त्या दिवसांत त्याने भाकरीला तोंड लावलं नाही असं हे नंतर सांगत होते. मी म्हटलं, "बरं झालं, पीठ वाचलं." पण आतून मला कसंतरीच झालं होतं. जीव लागला होता, आणि ते कबूल करायला माझं तोंड तयार नव्हतं.

माझं तोंडच तसं. माहेरी गुरं होती, आणि गुरांमागे जाणाऱ्या बाईचं तोंड गोड राहत नाही. माझी आई बैलालासुद्धा कौतुकाने शिव्या द्यायची. तिची ठेवणीतली शिवी एकच होती, "मेल्या, वाघानं नेला तुला!" तीच माझ्या जिभेवर बसलेली. दूध सांडलं, वाघानं नेला. चिखलाचे पाय घेऊन कॉटवर चढला, वाघानं नेला. दिवसातून दहा वेळा मी त्याला वाघाच्या तोंडी द्यायचे आणि संध्याकाळी भाकरी कालवायचे.

मग ती वसुबारस उजाडली. दिवाळीचं फराळ करायचं म्हणून मी पहाटेपासून चुलीपाशी. लाडवांचं ताट भरून कॉटवर ठेवलं, चकल्या निथळायला वर्तमानपत्रावर पसरल्या, आणि दारात मोळीवाली आली म्हणून उठले. मोळीवाली म्हणजे डोंगराखालच्या पाड्यावरची एक वारली बाई. दर तीन दिवसांनी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन यायची, पाणी प्यायची, दोन शब्द बोलायची. त्या दिवशी ती सांगत होती, चार दिवसांमागे बिबट्याने पाड्यातली शेळी नेली, पोरांना एकटं सोडत नाय आमी. आम्ही बोलतोय तेवढ्यात आत धाडकन आवाज झाला.

जाऊन बघते तर ताट खाली, आणि लाडू? लाडवांचं नाव नाही. वाघ्या जिभल्या चाटत उभा, आणि आनंदाने शेपूट हलवतोय. त्याची शेपूट म्हणजे वेताची छडीच. माझ्या डोळ्यांदेखत त्या शेपटीने चकल्या भिंतीपर्यंत उडाल्या. पहाटेपासूनची कंबर मोडली होती माझी! मी त्याच्या पाठीत लाटणं घातलं, कानाला धरून मागच्या अंगणात नेला, शेवग्याला काथ्याच्या दोरीने बांधला आणि बोटं मोडत ओरडले, "आज तरी वाघानं नेला तुला! सुटेन एकदाची!"

मोळीवाली दारातच होती. तिने चटकन स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"बाय, असं नको बोलू आज. आज वागबारस हाय, वागदेवाची."

"असू दे. आमच्यात वसुबारस असते."

"आज तो ऐकतो," ती म्हणाली आणि हनुवटीने डोंगराकडे खूण केली. "बाकीचे दिस तू बोलतेस, तो सोडून देतो. आज त्याचा दिस. आज कुनी नाव घेऊन काय दिला तर तो घेतो."

"घेऊ दे! त्याला म्हणावं लाडवांसकट घेऊन जा," मी म्हटलं. तेव्हा फणकारा काय होता माझा! ती निघून गेली.

तासाभराने शेजारच्या भय्यांनी सुतळी बॉम्ब लावला, अगदी आमच्या परसाच्या कडेला. भिंत हादरली. मी मागे धावले तर शेवग्याला दोरीचं तुटकं टोक लोंबत होतं आणि वाघ्या खाचरांतून धावत सुटलेला. मी हाक मारली. त्याने मागे वळून पाहिलं नाही. पिकल्या भातात त्याची पाठ एकदा वर आली, पुन्हा आली, आणि मग दिसेनाशी झाली.

पहिला तासभर मी रागातच होते. येईल झक मारत, जेवायची वेळ झाली की, असं पुटपुटत चकल्या वेचत होते. मग राग उतरला आणि चकल्या तशाच टाकून मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले. बिबट्याला कुत्र्याइतकं आवडतं खाणं नाही, हे सफाळ्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हा कोंबडीला भिणारा, तो काय बिबट्याशी झुंजणार? आणि बिबट्या नाही भेटला तर माणसं भेटतील. शेळी जाऊन चारच दिवस झालेले, पाड्यातले सगळे कोयते परजून बसलेले, आणि त्यांच्यासमोर पिवळ्या अंगाचं, काळ्या पट्ट्यांचं एवढं जनावर झुडपातून आलं तर कोण थांबून विचारणार की बाबा, तू कोण? आणि ह्या सगळ्यावर माझा शब्द. मी नाव घेऊन दिला होता त्याला. आजच्या दिवशी.

मी अंधश्रद्धाळू नाही. पण त्या दुपारी होते, साफ होते.

भय्ये बिचारे ओशाळले, सायकली घेऊन स्टेशनकडे नि कारखान्यांच्या रस्त्याने बघून आले. तिकडे नव्हता. हे कामावर, सुटायला अवकाश. मी घराला कडी घातली आणि तशीच, पिठाच्या हातांनी, बांधावरून चालायला लागले.

भात कापणाऱ्या दोघी भेटल्या. मी विचारलं, "वाघ्या दिसला का गं कुठे?"

"वाग्या? वर हाय ना," एकीने विळ्यानेच डोंगर दाखवला. "टेकाडाशी. समदी तठंच गेलीत आज."

माझ्या जिवात जीव आला. दिसला म्हणजे जिवंत आहे! मी जवळजवळ पळतच सुटले. पुढे एक माणूस बैल घेऊन येत होता. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "हां, वाग्या वरच. ह्या वाटेनं सरळ जा. मोठ्या ऐनाच्या झाडाखाली." मला नवल वाटलं, किती जणांनी पाहिलाय ह्याला! आणि कुणी कसं घाबरलेलं नाही?

पाड्याच्या तोंडाशी एक म्हातारी घरापुढे बसली होती. तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "वाग्या कठं जानार बाय? तठंच हाय. माज्या आज्याच्या वेलपासून तठंच हाय."

आज्याच्या वेळपासून!

माझे पाय तिथेच थांबले. ही सगळी माणसं त्यांच्या वाघदेवाबद्दल बोलत होती. दगडाच्या वाघ्याबद्दल. माझा वाघ्या कुणीच पाहिला नव्हता. मी मटकन खाली बसले, त्या म्हातारीच्या अंगणात, आणि मला रडू फुटलं. लाज वाटली नाही. म्हातारीने मडक्यातलं पाणी दिलं.

उन्हं कलली होती. खाली बोईसरची धुराडी आणि त्यापलीकडे तारापूरच्या बाजूला समुद्राची चकाकणारी रेघ दिसत होती. परत फिरावं, हे घरी आले असतील, चार माणसं घेऊन यावं, असं मन सांगत होतं. पण मी वर निघाले. कुत्रा शोधायला नाही, खरं सांगते. शब्द परत घ्यायला. दिलेलं परत मागता येतं की नाही ते मला माहीत नव्हतं, पण विचारायला काय हरकत?

ऐनाचं झाड लांबूनच दिसलं. खाली पंधरा-वीस माणसं अर्धगोल करून गुपचूप बसलेली. पुढे शेंदूर लावलेला उभा दगड, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. आणि त्या दगडाला टेकून, पुढचे पाय लांब पसरून, आमचं ध्यान बसलं होतं! समोर पळसाच्या पानांवर भात होता, म्हणजे असावा. पानं चाटूनपुसून लख्ख झाली होती. नाकाला शेंदूर लागलेला.

मी काय केलं ते आता सांगताना हसू येतं. देव नाही पाहिला, माणसं नाही पाहिली. सरळ पुढे गेले, त्याचा कान धरला, आणि ओरडले, "मेल्या! इथे बसलायस होय? माझा जीव गेला असता, जीव!" आणि त्याच्या गळ्यात हात टाकून भडाभडा रडले. तो उठला, आणि त्या शेपटीने उरलंसुरलं नारळाचं भकल लांब उडवलं.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. त्यांच्यात मोळीवाली होती. ती इतरांना म्हणाली, "बोलले ना मी? बाय येईल. शब्द परत घेयाला येईलच."

त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा, पूजा तोच करणारा, त्याने मला बसायला सांगितलं आणि काय झालं ते सांगितलं. देवापुढे पान वाढलं, आणि रीतीप्रमाणे त्याने डोंगराकडे तोंड करून हाक दिली, "वाग्या, ये, जेव!" आणि कारवीच्या झुडपातून हे पट्ट्यांचं जनावर बाहेर आलं, पानाशी बसलं आणि जेवायला लागलं.

"कुत्रा आहे हे कळलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"मागशी कलला. आदी दोगं झाडावर चढले," म्हातारा गंभीरपणे म्हणाला. "मी पन चढलो असतो, पन गुडगं नाय चढत."

पुन्हा हशा. एकाने कोयता उचलला होता, तेही त्याने सांगितलं. पण म्हाताऱ्याने हात धरला. आजच्या दिशी ह्या जागी आलेल्याला मारायचा नाय, मग तो कुनी असो. तेवढ्यात मोळीवाली पोचली आणि म्हणाली, अरे हा तर खालच्या बायचा.

"तुम्ही त्याला देवाचं जेवण खाऊ दिलंत," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"बाय, दोन वरसं आमी ऐकतो," तो म्हणाला. "रोज सांजेला तू खालून वरडतेस, वाग्या ये, जेव. आमच्या बाया हसतात. आमी देवाला वरसातून एकदा बोलावतो, खालची बाय रोज बोलावते. आज आमी बोलावला, हा आला. तूच शिकवलेला हाय. आमी काय करू?"

म्हणजे आमचे हे खरं सांगत होते. डोंगरावर ऐकू जात होतं.

मग मी दगडापुढे उभी राहिले आणि हात जोडले. काय बोलायचं ते येईना. शेवटी म्हटलं, "देवा, सकाळी मी जे दिलं म्हणाले ते रागाने. मला परत पाहिजे. ह्याला तू नेऊ नकोस." एवढंच. म्हाताऱ्याने दगडाचा शेंदूर बोटाने माझ्या कपाळाला लावला आणि वाघ्याच्याही. मला एवढं हलकं वाटलं की उतरताना मी त्याच्या गळ्यातली तुटकी दोरी धरून पोरीसारखी बडबडत आले. खाली बांधावर हे सायकल टाकून धावत येत होते. आम्हा दोघांच्या कपाळाचा शेंदूर बघून म्हणाले, "लग्न लावून आलात की काय?" आणि मग तेही रडले, तोंड फिरवून.

महिनाभराने पलीकडच्या पाड्यातला कुत्रा बिबट्याने भरदिवसा नेल्याचं कळलं. मी देवाला मनातल्या मनात पुन्हा नमस्कार केला.

त्यानंतर वाघ्या पाच वर्षं होता. शिव्या त्याने माझ्या भरपूर खाल्ल्या. मुडदा, टोणगा, खादाड, सगळं म्हणाले. ती एक शिवी मात्र पुन्हा तोंडातून काढली नाही. दर वाघबारसेला मी लाडवांचा डबा घेऊन त्याच्यासकट वर जायचे, आणि हाक द्यायचा मान म्हातारा मला द्यायचा. ह्या मोठ्या जातीच्या कुत्र्यांना आयुष्य थोडं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. शेवटी शेवटी त्याचे मागचे पाय लुळे पडायला लागले. एका सकाळी तो उंबऱ्यात झोपला होता तो उठलाच नाही. मागच्या अंगणात, शेवग्याखाली, ह्यांनी आणि भय्यांनी खड्डा खणला.

चौथ्या दिवशी मोळीवाली आली. तिचा यायचा दिवस नव्हता, आणि डोक्यावर मोळीही नव्हती. दारातच उभी राहिली.

"तीन सांजा हाक नाय आली," म्हणाली. "म्हातारा बोलला, जा, बघून ये."

मी मान हलवली. तिला कळलं. तिने हळूच विचारलं, "वागानं नाय ना नेला?"

"नाही गं. घरातच गेला. उंबऱ्यात, झोपेत."

ती पायरीवर बसली. "मग त्यानं ऐकला तुजा," म्हणाली. "सांगते मी वर."

मी आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं.